बर्फावरचे हेडसर

नक्कल करणाऱ्याला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे चेहरा. तो माझ्याकडे आहे, रबरासारखा ताणला जातो. दुसरी म्हणजे ओरिजनल माणसाला ओळखणारे लोक. ते सगळे मी बार्शीत ठेवून आलो होतो.

बार्शीत मी फेमस होतो. लाजत वगैरे सांगत नाही, होतोच. आमचे हेडसर वर्गात यायच्या आधी मी येऊन जायचो, म्हणजे त्यांच्यासारखा. उजवीकडे कललेलं अंग, चालताना प्रत्येक बाकाच्या कडेला टेकणारा हात, मग फळ्यापाशी थांबून वर केलेलं एक बोट. "समजलं का? नाही समजलं. खाली बसा." प्रश्न तेच विचारायचे, उत्तरही तेच द्यायचे. आमचं काम फक्त खाली बसायचं. मी नुसतं बोट वर केलं तरी अख्खा वर्ग बाकाखाली जायचा हसून. पुढे कॉलेजात गेलो, तिथंही चहाच्या टपरीवर पोरं म्हणायची, "ए, हेडसर काढ की." जणू ते माझ्या खिशातच असायचे.

मग मी मेलबर्नला आलो. त्या वर्षांत सगळेच येत होते. विमानात माझ्या रांगेत सगळे माझ्याच वयाचे, सगळ्यांच्या मांडीवर तसलीच प्लॅस्टिकची फाइल आणि सगळ्यांच्या बॅगेत आईनं कोंबलेला प्रेशर कुकर. वेरिबीला, शहराच्या पार कडेच्या उपनगरात, एका घरात आम्ही पाच पोरं राहायचो. घर एका आयटीवाल्या दादाचं होतं. तो स्वतः पलीकडच्या गल्लीत बायको-मुलीसोबत राहायचा आणि रविवारी येऊन "कचऱ्याची बिन बाहेर काढली का रे?" एवढं विचारून जायचा.

पहिल्याच वीकेंडला माझा पुणेकर रूममेट म्हणाला, "मिमिक्री करतोस म्हणे तू. कर ना."

मी हेडसर केले. कललो, भिंतीला टेकत टेकत चाललो, फ्रीजपाशी थांबलो, बोट वर केलं. "समजलं का? नाही समजलं. खाली बसा."

सगळे माझ्याकडे बघत बसले. पुढं काहीतरी येणारे असं त्यांना वाटत होतं.

"हे कोण?" पुणेकरानं विचारलं.

"आमचे हेडसर."

"अच्छा. भारी." बेचव खीर खाल्ल्यावर पाहुणा म्हणतो ना, तसलं भारी. मग म्हणाला, "सिनेमावाल्यांची येते का रे?"

येते की. केली. हसले सगळे. पण सिनेमावाल्यांची नक्कल बाजारातनं आणलेल्या फरसाणासारखी असते, कुणीही आणतं. त्यात आपल्या हातचं काही नसतं.

त्यानंतर मी हेडसरांना एकट्यानंच काढायचो. स्टेशनवर गाडीची वाट बघताना, अंघोळ करताना. युनिव्हर्सिटीत दिवसभर "सॉरी" आणि "थँक्यू" सोडून तोंडातनं काही जायचं नाही. मग घरी येऊन बाथरूमच्या आरशात बोट वर करायचं. असं काही महिने चाललं. आणि एक दिवस "समजलं का" म्हणायला गेलो तर आवाज लागेना. परत म्हटलं. परत नाही. हेडसर पातळ झाले होते, पाणी घालून वाढवलेल्या आमटीसारखे.

तेव्हा मात्र मी घाबरलो. मला आई-बापाची आठवण येऊन रडू यायचं नाही, ते बाकीच्या पोरांना यायचं. मला एवढंच पाहिजे होतं की या देशात एक माणूस असा सापडावा, ज्याच्यापुढं मी हेडसर केले तर त्याला मी नाही, हेडसर दिसतील. फक्त एक. जास्त नाही मागत.

पार्टटाइम काम मिळालं ते आइस रिंकवर. एका मोठ्या शेडमध्ये बर्फाचं मैदान. लोक यायचे, आपले बूट द्यायचे, मी त्यांना पाती लावलेले बूट द्यायचो. परत आले की त्या बुटांत फवारा मारायचा. बाहेर चाळीस डिग्री आणि मी आत जाकीट, कानटोपी घालून. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं बाई, आजारी आहेस का?"

शनिवारी सकाळी पब्लिक यायच्या आधी एक म्हातारा लहान पोरांना शिकवायला यायचा. उंच, पांढऱ्या भुवया, अंगात कायम एकच निळा स्वेटर. सगळे त्याला कोच म्हणायचे. बर्फावर उतरायचा नाही. कठड्याला टेकून उभा राहायचा आणि पोरं समोरनं गेली की फार तर एक शब्द बोलायचा. "लो." म्हणजे अजून वाक. पोरांचे आई-बाप मागं कॉफी पीत मोबाइल बघत असायचे. ते त्याला "मॉर्निंग, मेट" म्हणायचे, तो मान हलवायचा. मीही त्याच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. नक्कल करण्यासारखं काही नव्हतंच त्याच्यात. फार कमी हलायचा माणूस.

मग एका शनिवारी एक नॉर्वेचं कुटुंब आलं. मुलगी इथं एक्स्चेंजवर शिकायला, तिला भेटायला आई-बाप आलेले. बाप पन्नाशीचा, टक्कल, उन्हानं लाल झालेला. मी त्याला बूट देत होतो आणि त्यानं सहज बर्फाकडे बघितलं. बूट त्याच्या हातातनं पडले. पाती लावलेले बूट, म्हणजे माझ्या पायावर पडले असते तर आज हे लिहायला हाताची बोटं असती, पण पायाचा अंगठा नसता.

तो कठड्यापाशी गेला आणि दोन हात लांब उभा राहिला. त्याच्या पुढं जाईना. देवळात गाभाऱ्यापुढं बायका उभ्या राहतात तसा. मग कोचनं वळून बघितलं, आणि त्या टकल्या माणसाचे डोळे भरले.

मुलीनं मला सांगितलं. हा माणूस तिच्या देशात असा आहे, की रस्त्यानं गेला तर बस थांबते. स्पीड स्केटिंगचा चॅम्पियन होता. ती जन्मायच्या कितीतरी आधी रिटायर झालेला, तरी तिच्या शाळेत त्याचा फोटो होता. त्याची एक शर्यत होती, शेवटच्या फेरीत तो मागं होता आणि मग नव्हता. त्या शर्यतीची रेडिओवरची कॉमेंट्री तिथं सगळ्यांना पाठ आहे. लग्नात म्हणतात, दारू पिऊन म्हणतात, पोरं झोपेनात तेव्हा म्हणतात.

"इथं काय करतो मग?" मी विचारलं.

तिनं खांदे उडवले.

तेवढ्यात बापानं नॉर्वेला आपल्या म्हाताऱ्या आईला फोन लावला, व्हिडिओवाला. तिकडं मध्यरात्र. झोपेतनं उठलेल्या म्हातारीनं स्क्रीनवर कोचला बघितलं आणि गायबच झाली. थोड्या वेळानं केस विंचरून परत आली. आमची मावशी अगदी हेच करते, त्यामुळे भाषा कळायची गरज पडली नाही. मग म्हातारी ती कॉमेंट्री म्हणायला लागली. तिचा टकला मुलगाही तिच्यासोबत. तोंडात गरम बटाटा धरून कुणी आरती म्हणावी तसला आवाज, हळूहळू चढत जाणारा. कोच हसत उभा. मग टकल्यानं काहीतरी मागितलं, आणि कोचनं कठडा सोडला, गुडघे वाकवले, डावा हात पाठीवर ठेवला, मान वर केली. शर्यतीतली पोझ. फोटो काढला.

आणि मला एकदम कळलं. मी या धंद्यातला माणूस. माझ्यापासून हे लपत नाही.

तो नक्कल करत होता. स्वतःची. पंचविशीतल्या त्या पोराची. आणि खरं सांगू, बरी करत नव्हता. मनच नव्हतं त्याचं त्यात. मी वेरिबीच्या हॉलमध्ये सिनेमावाले करायचो, तशी.

घरी येऊन मी ती शर्यत लॅपटॉपवर शोधली. जुनी, मुंग्या आलेली फिल्म. चारशे मीटरचं उघड्यावरचं मैदान, कडेला हजारो लोक, त्यांच्या तोंडातनं वाफा. एक बारका पोरगा वाकून निघालाय, पाठ टेबलासारखी सपाट. मी परत परत बघितली. कॉमेंट्री कानानं उचलली, एकही शब्द न कळता. पुणेकर म्हणाला, "काय मंत्रबिंत्र शिकतोयस का?"

पुढच्या शनिवारी कोच बाकावर बसून बाहेर जायचे बूट घालत होता. मी गेलो आणि हातानं आपोआप जे होतं ते झालं. एवढा मोठा माणूस, वयानं मोठा, आपल्याला उशिरा कळलं. मी वाकून त्याच्या पायाला हात लावला.

त्यानं खाली बघितलं. "बांधलेत," तो म्हणाला. "थँक यू." मग थोडं थांबून दुसरा पाय पुढं केला. "हाही बघ."

बूट देणारा पोरगा पायाशी वाकला, म्हणजे लेस तपासतोय, असंच वाटणार ना. मी गुपचूप दुसराही पाय बघितला. लेस घट्ट होती.

"एकदम फिट," मी म्हणालो.

त्यानंतर आम्ही डबे एकत्र खायला लागलो. म्हणजे ठरवून नाही. बाक एकच होता. त्याचं दर शनिवारी एकच असायचं, काळ्या पावावर तपकिरी गोडसर चीज, पातळ कागदात गुंडाळलेलं. माझी पोळी, भाजी आणि घरून आलेली शेंगाचटणी. एकदा त्यानं चीजवर चटणी घालून खाल्ली. नाक पुसलं. मग म्हणाला, "पुढच्या शनिवारीही आण."

त्याची बायको इथलीच, मेलबर्नजवळच्या जीलाँगची. तिच्यासाठी आला आणि राहिला. ती गेली, हा राहिलाच. या देशात त्याच्यासारख्यांना पळायला लागतं तसलं मोठं मैदानच नाहीये. आमचा रिंक छोटा, जरा पाय उचलला की वळण. "इथं सरळ रस्ताच नाही," तो म्हणायचा. "पोरांना वळायलाच शिकवतो."

एकदा त्यानं विचारलं, "तू बुटांच्या खोलीत कुणाशी बोलतोस?"

मी म्हटलं, "कुणाशी नाही. मी नकला करतो."

"कुणाच्या?"

आता हेडसर म्हणायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून मी म्हटलं, "तुमच्या कॉमेंट्रीवाल्याची." आणि तिथं, बाकासमोर उभं राहून, अख्खी शेवटची फेरी म्हणून दाखवली. गरम बटाट्यासकट. शेवटी आवाज फाटतो त्या माणसाचा, तोही फाडला.

कोच हसला नाही. पावाचा तुकडा हातात तसाच.

"हे मी कधी ऐकलंच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे? सगळ्या देशाला पाठ आहे."

"मी रेडिओ ऐकत होतो का? मी पळत होतो." मग म्हणाला, "मला तिथं एकच आवाज ऐकू येत होता. माझा कोच. पलीकडच्या बाजूला उभा असायचा. दर फेरीला मी समोरनं गेलो की ओरडायचा. तो गेला. त्याचा आवाज कुठंच नाहीये. फिल्ममध्ये पण नाही. लोक मला भेटतात, त्या रेडिओवाल्याचा आवाज काढून दाखवतात. मला आनंद होतो. खोटं नाही. पण तो माझा दिवस नाहीये. तो त्यांचा दिवस आहे."

"तुमचा कोच कसा ओरडायचा?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. रिंक रिकामा होता, बर्फ सपाट करायची गाडी तेवढी एका कोपऱ्यात गुरगुरत होती. मग त्यानं मान पुढं काढली, एक हात तोंडापाशी नेला आणि ओरडला. एकच शब्द, पण मध्येच गिळलेला. जणू ओरडताना त्या माणसाला ठसका लागलाय.

मी म्हटलं, "सिगारेट ओढायचा का?"

कोच माझ्याकडे बघत राहिला. "दिवसभर."

"आणि इथं, गळ्याशी, मफलर? घट्ट?"

"त्याच्या बायकोनं विणलेला," कोच म्हणाला. "लाल." आणि मग हसला. मी त्याला पहिल्यांदाच असं हसताना बघितलं, दात दिसेपर्यंत.

"आता तुझी पाळी," तो म्हणाला. "तू बुटांच्या खोलीत बोट वर करतोस ना, तो रेडिओवाला नाहीये. तो कोण?"

म्हणजे त्यानं बघितलं होतं. मी उभा राहिलो. कललो. कठड्याला टेकत टेकत चाललो. थांबलो. बोट वर. मराठीतच म्हणालो, जसंच्या तसं. "समजलं का? नाही समजलं. खाली बसा."

मला वाटलं झालं, आता म्हणेल भारी.

"परत चाल," तो म्हणाला.

चाललो.

"त्याचा उजवा खुबा दुखतो," कोच म्हणाला. "बऱ्याच वर्षांपासून. तो सवयीनं टेकत नाही. वजन टाकतोय. आणि बोट वर करतो तेव्हा थांबतो ना, ते तुम्हाला दरडावायला नाही. श्वास घेतोय. पुढचं पाऊल टाकायच्या आधी." मग म्हणाला, "चांगला मास्तर आहे?"

मी म्हटलं, "आहे."

"वाटतंच. दुखत असताना वर्गभर फिरतो."

मी खाली बसलो. अक्षरशः. बार्शीत इतकी वर्षं एवढी पोरं हसली, मी इतक्यांदा ते अंग माझ्या अंगावर घातलं आणि मला कधी दुखलं नाही. हा माणूस बार्शी कुठं आहे ते नकाशात दाखवू शकला नसता. पण त्याला हेडसर दिसले होते. माझ्यातनं आरपार.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. "हेडसरांचा पाय दुखायचा का गं?"

"अरे, खुबाच तो," आई म्हणाली. "स्टँडपुढं गाडीवरनं पडले होते, तू लहान होतास. आता ऑपरेशन केलंय. काठी घेऊन फिरतात बागेत. का रे?"

"काही नाही. सहज."

"जेवलास का?"

थोड्या दिवसांनी शाळेतल्या पोरांनी ग्रुपवर व्हिडिओ कॉल लावला. कुणाचं तरी लग्न ठरलेलं. चौकटी चौकटीत सगळी थोबाडं, जाडी झालेली. "ए कांगारू, हेडसर काढ की!" मला इतका आनंद झाला. ओरिजनल माहीत असलेली माणसं, एकदम एवढी. मी मोबाइल फ्रीजवर टेकवला आणि हेडसर केले. खुबा दुखणारे. टेबलाच्या कडेवर खरंच वजन टाकलं. बोट वर केलं, श्वास घेतला, मग बोललो.

कुणी हसलं नाही. एकाचा स्क्रीन अडकलाय असं मला वाटलं. पण सगळे हलत होते.

"असं नाही बे," एक जण म्हणाला. "अजून वाकडा हो ना. सर असे नव्हते. विसरायला लागलास तू."

"नेटवर्क खराब आहे," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी त्या टेबलाला धरूनच उभा होतो. पुणेकर किचनमध्ये आला, मॅगीचं पाकीट काढलं. "पाय मुरगळला का रे?" त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. त्यानं माझ्यासाठीही एक पाकीट टाकलं. तोही एकटाच होता म्हणा. आम्ही दोघं मॅगी खात आपापल्या मोबाइलमध्ये बघत बसलो.

पुढच्या शनिवारी रिंकवर नॉर्वेचे म्हातारे-म्हाताऱ्या आले, अख्खी मिनीबस. क्रूझवरनं उतरले होते, कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. कोचभोवती घोळका. कुणी स्वेटरला हात लावतंय, कुणी रडतंय, दोघा-तिघांनी कॉमेंट्री सुरू केली आणि मग सगळेच म्हणायला लागले, अख्ख्या शेडमध्ये घुमायला लागली. आमच्याकडची पोरांची आई-बापं कॉफी हातात धरून बघतायत, हा कोण निघाला म्हणून. मी काउंटरमागं, हातात फवारा.

एका म्हातारीनं कॅमेरा वर केला आणि खुणेनं सांगितलं, ती पोझ. पाठीवर हात.

कोचनं कठडा सोडला. गुडघे वाकवायला लागला. मग थांबला. त्या सगळ्या डोक्यांवरून त्यानं माझ्याकडे बघितलं.

आणि तो उजवीकडे कलला. कठड्यावर हात टेकला, वजन टाकून. एक पाऊल. परत हात. दुसरं पाऊल. मग थांबला, श्वास घेतला, आणि एक बोट वर केलं.

म्हाताऱ्यांनी धडाधड फोटो काढले. त्यांना वाटलं विजयाची खूण आहे. आता नॉर्वेत कुठल्या तरी भिंतीवर बार्शीचे हेडसर लागले असतील, निळ्या स्वेटरमध्ये, पांढऱ्या भुवयांचे.

त्या अख्ख्या शेडमध्ये तो कोण आहे हे कळणारा माणूस एकच होता. मी जोरात हसलो. माझं हसू त्या पत्र्याला आपटून परत आलं, कारण बाकी कुणीच हसत नव्हतं. दोन-चार जणांनी वळून बघितलं, हा काउंटरवरचा पोरगा एकटाच काय हसतोय म्हणून.

मी खाली बसलो.